पिकलेलं करवंद जलरंगात काळं कसं दाखवायचं?

रानपाखरू:
मंडळी, गावाहून येताना करवंदीची एक फांदी आणलीय, बाटलीत पाण्यात ठेवून सकाळपासून रंगवत बसलेय. पानं जमली, काटेसुद्धा जमले, जोडीने येतात आणि टोकाशी लालसर असतात हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं! पण पिकलेलं करवंद काही केल्या जमेना, काळा लावला की डांबराची गोळी दिसते. तीनदा पुसलं, आता कागदाला लव सुटलीय. कागद ३०० जीएसएम म्हणजे जाड, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत. काय चुकतंय?

जलरंगी:
अगं ट्यूबमधला काळा आधी बाजूला ठेव. करवंद उजेडात धरून बघ, कडेला जांभळट लाल दिसेल. म्हणून पहिला हात पातळ किरमिजीचा, चमकेची जागा कोरी सोडून, तो खडखडीत वाळला की किरमिजी, अल्ट्रामरीन निळा आणि किंचित बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून चार-पाच पातळ हात दे, कडेला मात्र पहिला लाल दिसत राहू दे. हॉट प्रेसवर रंग वरवरच बसतो, ब्रश घासलास की खालचा थर उचलून येतो. आणि किरमिजी म्हणून अलिझारीन हे जुनं रंगद्रव्य वापरू नको, उजेडात उडतं, क्विनॅक्रिडोन हे टिकाऊ रंगद्रव्य घे.

घाटमाथा:
फळं आधी रंगवा हो, लाल करवंद एक-दोन दिवसांत काळं पडतं, पानं जाड असतात ती टिकतात. देठ तुटतो तिथे चिकाचा पांढरा थेंब येतो तो पण दाखवा, रुई, कण्हेर, चाफा सगळे याच कुळातले आणि सगळे चिकाचे. फुलांसाठी कागदावर जागा ठेवा, पुढच्या वर्षी मे महिन्याच्या आधीच झुडूप गाठा.

जुनी_पानं:
चित्राखाली शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरंडास, गाव, तारीख आणि स्वतःची सही नक्की टाका. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती बागेत तिचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सनने १८४७ ते १८५० मध्ये झाडांची चित्रं काढून घेतली, ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत, पण ज्या पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने ती काढली त्याचं नाव कुठे नोंदलेलंच नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

रानपाखरू:
सगळ्यांचे खूप आभार! नवीन कागद घेतला, चौथा हात वाळलाय आणि देठाजवळ लाल अजून दिसतोय. सही मराठीतच करते, उद्या फोटो टाकते.