अनुभव धागा : वेगळी पंगत, मागची रांग

निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

१९३७ च्या डिसेंबरात आपल्या नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले होते आणि त्याला जाईबाई चौधरीही गेल्या होत्या. या मूळच्या उमरेडच्या. नागपूरच्या स्टेशनवर हमाली करत शिकल्या, मास्तरीण झाल्या आणि पुढे त्यांनी मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. स्त्रियांच्या हक्कांवर भाषणे झालेल्या त्या अधिवेशनात जेवणाची वेळ आली तेव्हा जाईबाई आणि त्यांच्यासारख्या इतर स्त्रियांना मात्र वेगळे बसवण्यात आले. त्याच्या निषेधार्थ दलित स्त्रियांनी आपली स्वतंत्र सभा घेतली.

हे वाचताना मला वॉशिंग्टनचा ३ मार्च १९१३ चा मोर्चा आठवतो. मताधिकारासाठी निघालेल्या त्या मोर्चात कृष्णवर्णीय स्त्रियांनी सर्वांच्या मागे चालावे, असे सुचवले गेले होते. शिकागोच्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी ते ऐकले नाही. मोर्चा सुरू झाल्यावर त्या गर्दीतून पुढे आल्या आणि आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत शिरून चालू लागल्या.

आपल्याला असे कोणी, कुठे वेगळे बसवले किंवा आपण कोणाला बसवले, ते येथे लिहावे. सुरुवात माझ्यापासून करते. ऐंशीच्या दशकात हुंड्याविरुद्ध पत्रके वाटणाऱ्या आम्ही पंधरा-वीस जणी दर शनिवारी एका सभागृहात जमत असू, आणि ते सभागृह झाडणाऱ्या बाईंसाठी खिडकीत एक कानतुटका कप ठेवलेला असे. तो कप आमच्यापैकी कोणी ठेवला हे मला आठवत नाही. तो उचलून आत ठेवावा, असे मला सुचले नाही, हे मात्र चांगले आठवते.

कामठीची नात

माझी आजी विड्या वळत असे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कात अस्पृश्य वर्गाची मोठी परिषद झाली, तेव्हा २० जुलैला स्त्रियांची वेगळी परिषद भरली. तिला सुमारे पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या, असे सांगतात. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि संततिनियमनासारखा विषय त्यांनी त्या काळी भर सभेत मांडला. घटस्फोटाचा हक्क मिळावा आणि एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी, असे ठरावही तेथे झाले.

आजीला भाषणांतले फारसे आठवत नसे. तिला आठवत असे ती संध्याकाळ. आजोबा चळवळीतले होते, सगळ्या सभांना जात. पण पहिल्या बाईला, म्हणजे आजीला, चार वर्षांत मूल नाही म्हणून घरात दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली होती आणि त्यांनी त्यावर हो की नाही ते सांगितले नव्हते. परतल्यावर त्यांनी सहज विचारले, "काय झालं वो तुमच्या सभेत?" आजी चुलीत लाकूड सारता सारता म्हणाली, "दुसरी बायको कराची नाई, असं ठरलं. पास झालं." आजोबा काही बोलले नाहीत. बोलणी तिथेच मोडली. पुढे माझे वडील जन्मले, ते १९४७ साली.

एवढ्या एका ठरावाचा उपयोग झाला, असे आजी हसून सांगत असे. बाकीच्यांचे काय झाले ते आम्ही पाहून घ्यावे, हेही सांगत असे.

इंदोऱ्यातील वाचक

थोडक्यात कबूल करतो. आमच्या अभ्यासमंडळात जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले, हे सगळे आम्हाला तोंडपाठ होते. १४ एप्रिलच्या समितीत मात्र एकही बाई नव्हती. रांगोळी आणि मसालेभात त्यांच्याकडे. हे एकदा माझ्या बहिणीने विचारले, तर आम्ही तिला "आधी समाजाचं होऊ दे" असे उत्तर दिले. ती म्हणाली, "मी समाजात नाई का?" पुढच्या वर्षी ती समितीत आली, त्याचे श्रेय कोणी मला देऊ नये.

गोंदियाहून आलेली नोकरदार मुलगी

तीन वर्षांपूर्वी मी खोली शोधत होते. एका ठिकाणी भाडे ठरले, ॲडव्हान्सही ठरला आणि मग घरमालकांनी आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी फोन आला की त्यांचा भाचा शिकायला येणार आहे, त्यामुळे खोली देता येत नाही.

पुढच्या महिन्यात ऑफिसजवळच्या मेसमध्ये माझी ओळख टांझानियाहून शिकायला आलेल्या एका मुलीशी झाली. तिचे हिंदी छान, त्यामुळे फोनवर सगळे जमत असे. खोली पाहायला गेली की बिघडत असे. रात्री बाहेर जाते का, कोणकोण भेटायला येते, असे प्रश्न तिला उंबऱ्यावरच विचारत. तिच्यासोबतच्या आफ्रिकी मुलांना नुसता नकार मिळायचा. तिला नकाराबरोबर अशी चौकशी आणि रस्त्यावर गाडी हळू करून भाव विचारणारे पुरुष, हेही मिळायचे. मी तिला माझी गोष्ट सांगितली, तर ती हसू लागली. तिलाही एका घरमालकाने भाचा येणार असल्याचेच सांगितले होते. आम्ही पत्ते ताडून पाहिले. वस्त्या वेगळ्या होत्या, भाचा एकच होता.

शेवटी आम्ही दोघी मिळून बेझनबागेत दोन खोल्या पाहायला गेलो. घरमालकीण एका मिल कामगाराची विधवा. तिने आडनाव विचारले नाही. पोरगी कुठल्या देशाची, एवढे विचारले आणि मग पाण्याचे बिल आम्ही अर्धे-अर्धे देणार की तिच्याच डोक्यावर टाकणार, यावर अर्धा तास वाद घातला.