शब्दचर्चा : दुभंगलेल्या ओठाच्या माहितीपत्रकावर 'व्यंगचित्र' चालेल का?

वैखरी
ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या बाळांच्या आईवडिलांसाठी आठ पानी माहितीपत्रक मराठीत आणायचं काम चालू आहे. सगळी माहिती चित्रांतून दिली आहे : चौकटी, दोन-तीन पात्रं, त्यांच्या तोंडचे संवाद. मुखपृष्ठावर 'व्यंगचित्रांतून शिकूया : बाळाला दूध कसं पाजायचं' असं होतं. मजकूर तपासणाऱ्या परिचारिकेने 'व्यंगचित्रांतून'भोवती लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'पालक दुखावतील.' चित्रकाराचं म्हणणं, शब्द रुळलेला आहे, शरीराशी त्याचा काही संबंध नाही. कॉमिक्स, चित्रकथा, चित्रमालिका असे पर्याय पुढे आलेत. जागा एका ओळीची. कोणता घ्यावा?

काजवा
परिचारिकेशी शंभर टक्के सहमत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्यातल्या चार गटांपैकी पहिला गटच 'जन्मतः व्यंग' असा आहे, आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्यातच मोडतो. म्हणजे तपासणीला आलेल्या पथकाकडून किंवा रुग्णालयात या आईने 'व्यंग' हा शब्द स्वतःच्या बाळाबद्दल नुकताच ऐकलेला असतो. तिच्या हातात 'व्यंगचित्र' लिहिलेला कागद पडला की ती त्याची फोड 'व्यंगाचं चित्र' अशीच करणार. शब्द रुळलाय तो वर्तमानपत्र वाचणाऱ्यांत. प्रसूतिकक्षात त्याच अक्षरांचा अर्थ वेगळा आहे.

आडवाट
इथे दोन वेगळे शब्द एकमेकांत मिसळलेत. व्यंग म्हणजे वि + अंग, अंगात उणेपण. दुसरा व्यंग्य, अञ्ज् धातूपासून आलेला, म्हणजे सुचवलेला अर्थ. काव्यशास्त्रातलं वाच्य, लक्ष्य, व्यंग्य हे त्रिकूट सगळ्यांना माहीत आहे. हिंदीने 'य' राखला, आपण गाळला. 'व्यंग्यचित्र' असं शुद्ध लिहिलं तर आक्षेपच उरत नाही.

शाईपेन
व्युत्पत्ती पटत नाही. मराठीत 'व्यंगावर बोट ठेवणं' हा वाक्प्रचार आहे, आणि व्यंगचित्र त्याच अंगाने मराठीत घट्ट झालं : समाजातलं, माणसातलं उणं दाखवणारं चित्र. पण समजा, आडवाट म्हणतात तेच खरं. तरी त्या 'य'ने काय होणार? वाचणारी बाई 'व्यंग'पर्यंत येऊनच थांबेल.

मला शब्दापेक्षा शैलीची जास्त काळजी वाटते. चित्रकार स्वतःला व्यंगचित्रकार म्हणवत असेल तर हात सवयीने अर्कचित्राकडे जातो : नाक मोठं, ओठ जाड, हनुवटी पुढे. या विषयात तसं एकही तोंड काढता कामा नये. शि. द. फडणीस आपल्या कामाला हास्यचित्र म्हणत, तो शब्द व्यंगचित्रापेक्षा मऊ आहे. पण हसण्याचं इथे काय काम? चित्रकथा घ्या.

तिरफळ
'चित्रकथा' म्हटलं की अनेकांना १९६७ साली सुरू झालेली 'अमर चित्रकथा' ही पौराणिक पुस्तकमाला आठवते, त्यात वाईट काही नाही. मला तर त्याच्याही मागे, चित्रकथीकडे जावंसं वाटतं. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने ही परंपरा राखली. सुट्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर धरायचं आणि प्रसंग गाऊन सांगायचा. आशाताई घरभेटीला जी फ्लिपबुक नेतात ती याच घराण्यातली : चित्र ऐकणारीच्या बाजूला, मजकूर सांगणारीच्या बाजूला. आरोग्यशिक्षणासाठी इतका चांगला देशी शब्द असताना 'कॉमिक्स' कशाला?

उंबरठा
तिरफळ, चित्रकथी आणि कॉमिक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो फरक या पत्रकात बाळाच्या जिवाशी येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

फ्लिपबुकमध्ये एका वेळी एकच चित्र समोर असतं आणि दोन चित्रांमधलं सगळं आशाताई बोलून भरतात. छापील पानावर चौकटी शेजारीशेजारी असतात आणि मधलं भरायचं काम वाचणाऱ्यावर येतं. नेमकी तिथेच चूक होते. बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या भांड्याने, दूध पाजण्याच्या सहा चौकटी अशा काढल्या जातात : हात धुतले; काढलेलं दूध बोंडल्यात घेतलं; बाळाला जवळजवळ बसतं धरलं, साधारण ४५ अंशांत, डोकं छातीच्या वर; बोंडल्याची चोच खालच्या ओठावर कोपऱ्याशी टेकवली; बोंडलं रिकामं; बाळ खांद्यावर, ढेकर.

आता चौथ्या आणि पाचव्या चौकटीच्या मधे काय झालं? चित्र म्हणतं, ओतलं. प्रत्यक्षात व्हायला हवं ते असं : थोडं दूध, चोच मागे, बाळ गिळेपर्यंत थांबायचं, पुन्हा थोडं. हे पुष्कळ वेळा, आणि मधेमधे ढेकर, कारण ही बाळं दुधाबरोबर हवाही खूप गिळतात. ओतलं की दूध नाकातून येतं, बाळ ठसकतं, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून चौथ्या चौकटीच्या तीन करा : चोच टेकलेली, चोच मागे आणि बाळाचं तोंड मिटलेलं, चोच पुन्हा टेकलेली. या तिघींभोवती गोल फिरणारा बाण. आणि ढेकर शेवटी एकदाच दाखवू नका.

दुसरं, नुसता ओठ दुभंगला असेल तर बऱ्याच बाळांना अंगावर पाजता येतं. टाळू दुभंगला की तोंडाची पोकळी बंद होत नाही, ओढ लागत नाही, म्हणून बोंडलं. दोघांना एकच पत्रक दिलं तर पहिल्या गटातल्या आयाही विनाकारण बोंडल्यावर जातील. दोन वेगळी पानं हवीत, आणि कोणतं पान कोणासाठी हे बाळाच्या उघड्या तोंडाच्या चित्रावरून कळायला हवं.

तिसरं, आकडे चित्रात घाला. पहिला आठवडा उलटल्यावर साधारण हिशोब दर किलोला दिवसाला १५० मिलिलिटरचा. तीन किलोच्या बाळाला ४५० मिली, आठ वेळांत वाटलं तर दर वेळी ५५ ते ६०. बोंडलं किती मिलीचं आहे ते घरी कुणाला माहीत नसतं. रुग्णालयातून निघताना सिरिंजने मोजून दाखवावं आणि पत्रकात 'एवढी बोंडली' अशी रिकामी जागा सोडावी, परिचारिका पेनाने आकडा भरेल. एका वेळचं पाजणं अर्ध्या तासापेक्षा लांबलं तर बाळ दमतं आणि पोटात गेलेलं त्या धडपडीतच खर्च होतं, म्हणून भिंतीवर घड्याळ दाखवा. पहिल्या आणि शेवटच्या चौकटीत काटे वेगळे हवेत. बरेच चित्रकार घड्याळ सजावट म्हणून काढतात आणि काटे हलवायचं विसरतात.

वैखरी
हे फार उपयोगाचं आहे, चौकटी बदलून घेते. यातूनच दुसरी अडचण : चित्रकारासाठीच्या सूचनांमध्ये चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेला मराठीत काय म्हणायचं? तो 'गटर' म्हणतो. मी 'फट' लिहिलं होतं.

काजवा
'फट' अजिबात नको. 'बाळाच्या टाळूला फट आहे' असंच डॉक्टर आईला समजावतात. एकाच फायलीत 'फट तीन मिलिमीटर ठेवा' आणि 'फट बाराव्या महिन्यात शिवतात' अशी वाक्यं आली तर गोंधळ ठरलेला. गटरचं लगेच गटार होतं, शिवाय पोटाच्या शरीररचनेतही मोठ्या आतड्याच्या बाजूंच्या खोलग्यांना गटरच म्हणतात. 'मधली जागा' म्हणा. साधं आहे, कुणाशी टक्कर नाही.

आडवाट
'अंतराळ' किंवा 'संधी' का नको? संधी म्हणजे सांधा, दोन चौकटी जिथे जुळतात ती जागा.

काजवा
संधिवाताच्या पत्रकात काय करणार?

उंबरठा
मधल्या जागेचं अजून एक सांगायचं राहिलं. दूध गिळायला लागणारे दोन सेकंद आणि शस्त्रक्रियेपर्यंतचे तीन महिने, दोन्ही कागदावर सारख्याच रुंदीचे दिसतात. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यानंतर, टाळूची ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. ओठासाठी शल्यचिकित्सक जुना दहाचा नियम सांगतात : वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. 'घरी दूध पाजणं' आणि 'शस्त्रक्रियेचं टेबल' या चौकटी लागून आल्या तर पालकांना वाटतं पुढच्याच खेपेला होईल, आणि परत पाठवलं की त्यांचा विश्वास उडतो. मधे वजनकाट्याची स्वतंत्र चौकट हवी आणि वर निवेदनाची पट्टी : 'वजन साडेचार किलो झाल्यावर'. 'तीन महिन्यांनी' एवढंच लिहू नका, वजन न भरलेल्या बाळाची आई तारीख धरून येते.

शाईपेन
अवांतर : संवादाच्या 'फुग्या'ला कुणी दुसरा शब्द सुचवेल का? हृदयरोगाच्या पत्रकात हीच अडचण येते. अँजिओप्लास्टीत 'फुगा फुगवून रक्तवाहिनी उघडतात' हे रुग्णाच्या तोंडचं वाक्य आहे. चित्रकाराला 'फुगा मोठा करा' सांगितलं तर तो रक्तवाहिनीतला फुगा मोठा करू शकतो, आणि मग चित्रात रक्तवाहिनी फुटायला आलेली दिसते. २०१९ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातून अँजिओग्राफीपूर्वी संमती घेताना चित्रकथा देऊन पाहिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या समजावण्याला जोड म्हणून ती दिली तेव्हा रुग्णांना जास्त कळलं आणि धास्ती कमी झाली. असं पत्रक मराठीत करायचं तर हा शब्द आधी सोडवावा लागेल. मी 'संवादफुगा' वापरतो, पण तो लांब पडतो.

तिरफळ
'बोलफुगा' घ्या. तोंडात बसतो.

शाईपेन
बोलफुगा छान आहे. त्याच्या आतल्या अक्षरांबद्दलही लिहितो. इंग्रजी कॉमिक्समधली अक्षरं बहुतेक सगळी मोठ्या लिपीत, एका उंचीची असतात. त्यांच्यासाठी काढलेल्या फुग्यात देवनागरी कोंबली की वरची वेलांटी आणि खालचा उकार शेजारच्या ओळीला चिकटतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी हवं. एका फुग्यात पंधरा-वीस शब्दांपलीकडे जाऊ नये, नाहीतर चेहरा झाकला जातो, आणि या विषयात चेहराच झाकला तर उरलं काय! छपाईपूर्वी 'मि.लि.', 'चमचा', 'वेळा' हे शब्द आणि त्यांच्या मागचे आकडे मोठ्या आकारात तपासा. ५ आणि ६ बारीक छपाईत सारखे दिसतात. सूचनेत 'मात्रा नीट तपासा' असं लिहू नका, अक्षर जुळवणारा काना-मात्रा तपासेल, औषधाची मात्रा तशीच राहील.

काजवा
उर्दू आवृत्ती निघणार असेल, मालेगाव-भिवंडीसाठी लागेलच, तर पान आरशासारखं उलटं करू नका. चौकटींचा क्रम उजवीकडून होतो खरा, पण डावा दुभंग उजवा होतो, आणि हृदयाचं पत्रक असेल तर हृदय छातीच्या उजव्या बाजूला जातं. प्रत्येक चौकट जशीच्या तशी ठेवून फक्त जागा बदलायच्या आणि बोलफुग्यांची शेपटं नव्याने काढायची. शेजारच्या चौकटीत शिरणारे बाण असतील तर तेही पुन्हा. हे ठाऊक असेल तर चित्रकार पहिल्यापासूनच प्रत्येक चौकट सुटी ठेवतो.

तिरफळ
ग्रहणाचं काय केलंय? 'गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ चिरला' हे घराघरांत ऐकू येतं. पत्रकात त्याचं खंडन हवंच.

उंबरठा
खंडन हवं, पण विळी, ग्रहण आणि त्यावर फुली असं चित्र नको. लक्षात चित्र राहतं, फुली विसरली जाते, आणि सासूच्या हातात पुरावाच मिळतो. खंडन संवादातून करा. आई विचारते, 'माझं काय चुकलं?' परिचारिका सांगते, 'तुझं काही चुकलेलं नाही. पोटात पहिल्या तीन महिन्यांतच ओठ आणि टाळू जुळतात, काही बाळांत ते जुळायचे राहतात.' त्या चौकटीत नवरा आणि सासू दोघंही बसलेले दाखवा. ऐकायचं त्यांनीही आहे.

आडवाट
मूळ शब्दाकडे येऊ. परदेशात या सगळ्या क्षेत्राला 'ग्राफिक मेडिसिन' म्हणतात. इयन विल्यम्स या वेल्समधल्या डॉक्टरांनी २००७ साली ते नाव दिलं. अमेरिकेत हर्शीच्या पेन स्टेट वैद्यकीय महाविद्यालयात २००९ पासून शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी स्वतः कॉमिक्स काढायला शिकतात. आपल्याकडे २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद हा भाग आला आहे, तिथे हे सहज बसेल. मग मराठीत एक नाव ठरवून टाकू : 'चित्रवैद्यक'. पत्रकावरही तेच छापा.

शाईपेन
अभ्यासशाखेला चित्रवैद्यक चालेल. पत्रकावर नाही. आईला वाटेल, वैद्य काहीतरी चित्रांनी बरं करतो. शाखेचं नाव विद्यार्थ्यांसाठी, मुखपृष्ठ तिच्यासाठी. एकच शब्द दोन्हीकडे चालवायचा हट्ट कशाला?

आडवाट
हट्ट नाही. परिभाषा एकसारखी नसेल तर ती टिकत नाही, आणि दर पत्रकाला नवा शब्द काढत बसलो तर मराठीत हे क्षेत्र उभंच राहणार नाही.

वैखरी
मुखपृष्ठ परवा छपाईला जायचंय. 'चित्रकथा' आणि 'कॉमिक्स' यांत अजून अडकले आहे. चित्रकार आता म्हणतो, प्रकाराचं नावच नको, नुसतं 'बाळाला दूध कसं पाजायचं' पुरे.

उंबरठा
चित्रकाराचं बरोबर वाटतं. चित्रं दिसतातच, ती आहेत हे सांगायला शब्द कशाला? तरी तिन्ही मुखपृष्ठांचे साधे प्रिंट काढा आणि बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेल्या आठ-दहा जणींना दाखवा. एकीला एकच दाखवायचं. 'आवडलं का?' विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. 'आत काय असेल?' आणि 'हे कुणासाठी आहे?' एवढंच विचारा. 'लहान मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक' असं उत्तर दोघी-तिघींकडून आलं तर तो शब्द काढा. वाचता न येणाऱ्या निदान तिघी त्यात असू द्या.

तिरफळ
आणि अशा पत्रकाला त्या बायका स्वतः काय म्हणतात तेही लिहून घ्या. कदाचित आपल्यापेक्षा चांगला शब्द त्याच सांगतील.

आडवाट
बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत परिभाषा ठरत नसते. 'व्यंग्यचित्र'चा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही.