मदत हवी आहे: मेंदूतला लॅटरल सेप्टम हा भाग कोराच येतोय

नमस्कार मंडळी, रॅटच्या मेंदूत आणि पिट्युटरीत सीआरएफचे रिसेप्टर (ते जिथे चिकटतं ती प्रथिनं) कुठे कुठे आहेत, याचा नकाशा ऑटोरेडिओग्राफीने, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेलं रसायन कापांवर कुठे चिकटलंय ते फिल्मवर उठवून, करतेय. सीआरएफ म्हणजे १९८१ साली मेंढीच्या हायपोथॅलॅमसमधून ओळखलेलं, पिट्युटरीला एसीटीएच (अॅड्रिनल ग्रंथींना चालना देणारं हार्मोन) सोडायला लावणारं ४१ अमिनो आम्लांचं हार्मोन. मी किरणोत्सारी आयोडीन-१२५ लावलेलं मेंढीचंच सीआरएफ वापरते. फिल्मवर पिट्युटरीचा पुढचा भाग काळाकुट्ट उठतो, सेरेबेलमही (लहान मेंदू) छान दिसतं; दोन्हीकडे सीआरएफचे टाइप १ रिसेप्टर जास्त. लॅटरल सेप्टम मात्र जवळजवळ कोरा! तिथे सीआरएफचे टाइप २ रिसेप्टर जास्त, आणि मेंढीचं सीआरएफ त्यांना नीट चिकटत नाही, म्हणूनच ना? सॉव्हाजिन, म्हणजे बेडकातलं सीआरएफसारखं पेप्टाइड, टाइप १ आणि २ दोन्हींना चिकटतं. ते घेऊन टाइप १ रिसेप्टर अँटालार्मिनने (फक्त टाइप १ अडवणारं रसायन) अडवले, तर टाइप २ वेगळे दिसतील का? कोणी केलंय? स्लाइड किती वेळ धुतल्या? काप मोजकेच उरलेत, वाया घालवायचे नाहीत.