मेट्रोच्या बंद डब्यात सेंट मारावा का?

सुभाषनगरवाली
मी रोज सुभाष नगरहून कॉटन मार्केटला नागपूर मेट्रोनं जाते. काल शंकर नगरला एक पोट्टा चढला, घामानं निथळत होता. बाहेर ४५ डिग्री, त्यात त्याची काय चूक? पण दार लागल्याबरोबर त्यानं बॅगेतून बॉडी स्प्रे काढला आणि उभ्या उभ्या शर्टाच्या आत दोन्ही बाजूंना फुस्स, फुस्स. तीन डब्यांची गाडी, काचा बंद, एसी चालू. झाशी राणी चौक येईस्तोवर माझ्या डाव्या डोळ्यामागं ठणका सुरू. मला अर्धशिशी आहे, उग्र वासानं हमखास उठते. सीताबर्डीलाच उतरले, बाकावर डोळे मिटून बसले. पुढची गाडी सोडली, त्याच्या पुढचीही सोडली.

सेंट लावूच नका असं माझं म्हणणं नाही. घरून लावून या, डब्यात मारू नका. आणि हातभर अंतरापलीकडे तुमचा वास जात असेल तर तो तुमचा एकट्याचा राहिला नाही, आमच्यावर लादलेला झाला.

बर्डीचा_भाऊ
ताई, त्यानं मारला नसता तर आज इथं घामाच्या वासावर धागा निघाला असता. माणसानं करावं तरी काय? मी सेल्समध्ये आहे. कामठी रोडपासून हिंगण्यापर्यंत दिवसभर गाडीवर फिरून राहिलो. दुकानात शिरायच्या आधी बाहेर उभा राहून स्प्रे मारतो. एकदा विसरलो, तर दुकानदार बोलता बोलता गल्ल्यामागं सरकला. तोंडानं काही बोलला नाही, पण ते सरकणं मी अजून विसरलो नाही. तुमची अर्धशिशी खरी, तशी आमची लाजही खरी.

इतवारीतलं_अत्तर
दोघांचंही ऐकलं. आमच्या घरी तीन पिढ्यांचा अत्तराचा धंदा, म्हणून थोडं बोलतो. स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं. ते भर्रकन उडतं आणि उडताना वास सगळीकडं घेऊन जातं, उन्हात तर आणखीच. अत्तर तेलात असतं, ते अंगाशी बसतं. जुनी माणसं कानात फाया ठेवायची, त्याचं कारणही तेच. जो गळ्यात पडेल त्यालाच वास यावा, अख्ख्या बाजाराला नाही. आणि मोसम पाहूनच लावायचं. उन्हाळ्यात खस, मोगरा, गुलाब. हिना आणि शमामा थंडीत. मेमध्ये कोणी ऊद मागितला तर माझे आजोबा शिशी द्यायचेच नाहीत, म्हणायचे दिवाळीनंतर या. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार आता कुठं सापडणार, मीही पाठवत नाही.

इन्हेलर_खिशात
धंद्याची बाजू समजली, पण ‘अत्तर म्हणजे सौम्य’ हे पटत नाही भाऊ. अत्तर मुळात चंदनाच्या तेलात उतरवतात, ते तेल महागल्यापासून किती अत्तरं खऱ्या चंदनावर बनतात ते तुम्हीच सांगा. आणि नैसर्गिक म्हटलं की त्रास नाही, असंही नसतं. आपल्या संत्र्याचंच घ्या. सालीच्या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य असतं. हेच लिमोनीन परफ्युममध्ये ठरावीक प्रमाणाच्या वर असलं तर युरोपात बाटलीवर त्याचं नाव छापावं लागतं, कारण काहींच्या कातडीला त्याची ॲलर्जी होते. माझा त्रास कातडीचा नाही, दम्याचा आहे. लिफ्टमध्ये कोणी नुकतंच शिंपडून गेलेलं असलं की मी जिना धरतो, मग मजला चौथा का असेना.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २००९ मध्ये आपल्या कचेऱ्यांसाठी धोरण केलं, त्यात कर्मचाऱ्यांना शक्यतो सेंट न लावता या असं सांगितलं. जिथं आजारांचाच अभ्यास चालतो तिथल्या लोकांना हे गरजेचं वाटलं, एवढं ध्यानात घ्या.

बर्डीचा_भाऊ
अमेरिकेचं ऑफिस कुठं आणि आपली नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, कुठं! त्यांना म्हणावं या इकडं, दुपारी दोनला व्हरायटी चौकात उभे राहा, मग नियम करा.

कूलरची_ताटी
मला तर तुमचं हे भांडण ऐकूनच हसू येऊन राहिलं. सगळं नागपूर एप्रिलमध्ये कूलरला नवीन खस लावतं, संध्याकाळी गल्लीतून जा, दर खिडकीतून तोच ओला वास. कोणाचं डोकं दुखलं? हळदीकुंकवात हाताच्या पाठीवर अत्तर लावतात, वर गुलाबपाणी शिंपडतात, तेव्हा आपण विचारतो का बाई तुला अर्धशिशी आहे का म्हणून?

सुभाषनगरवाली
विचारत नाही, हेच तर! मी हळदीकुंकवाला हात मागं घेते तर यजमानीण रुसते. निदान तिथून उठून येता तरी येतं. धावत्या मेट्रोतून कुठं उठून जाऊ?

प्रजापती_नगर
एक गोष्ट कोणीच बोलून नाही राहिलं. वासाचं बोट दर वेळी कोणाकडं वळतं? सेंट मारलेल्या साहेबाला ‘जरा जास्त झालं’ असं कोणी म्हणत नाही. आमच्या लाइनवर बांधकामावरून सुटलेली माणसं चढतात, सिमेंटचा न् घामाचा वास असतो, तर लोक रुमाल नाकाला लावतात, तोही त्यांना दिसेल असा. ताईंच्या डब्यातला तो पोट्टा त्या रुमालालाच घाबरला असेल. उद्या वासावर नियम आला तर पहिले त्याच लोकांना उतरवतील, महागड्या बाटलीवाल्याला नाही.

सुभाषनगरवाली
हे मला सुचलं नव्हतं. रुमाल मीही लावते, पण डोकेदुखीनं. आता समोरच्याला काय दिसत असेल हा विचार छळणार. मला नियम नकोच आहे. दंडाची पावती फाडून काही कोणाचं नाक सुधारत नाही. पण भाऊ, घाम ही लाचारी आहे, डब्यात फवारा मारणं ही निवड आहे. दोन्ही एका तराजूत टाकू नका.

इतवारीतलं_अत्तर
त्यात आणखी एक घोटाळा आहे. आपला वास आपल्या नाकाला काही मिनिटांत येईनासा होतो. माणसाला वाटतं उडाला, म्हणून तो परत मारतो. गिऱ्हाइकाला मी सांगतो, तुम्हाला येत नाही म्हणजे गेला असं नाही, बायकोला विचारा.

इन्हेलर_खिशात
आणि जे एकटे राहतात त्यांनी?

इतवारीतलं_अत्तर
त्यांनी आईला फोन करू नये, फोनवर वास जात नाही. दोन थेंबांवर थांबावं.

बर्डीचा_भाऊ
बरं ताई, डब्यात नाही मारत. फलाटावर मारला तर चालेल?

सुभाषनगरवाली
चालेल. कोपऱ्यात जा आणि लगेच आत शिरू नका, एकदोन मिनिटं जाऊ द्या.

बर्डीचा_भाऊ
तेवढ्यात गाडी सुटली तर?

सुभाषनगरवाली
मी दोन सोडल्या.