गाडीचा रोड टॅक्स इन्कम टॅक्समध्ये वजा होतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी फोंड्याला असतो, इंटिरियरची कामं करतो, साइट कधी पेडण्याला तर कधी काणकोणला, पावसात स्कूटरवर लॅमिनेटची सॅम्पलं भिजून फुगायची म्हणून शेवटी डिसेंबरात गाडी घेतली. बिल ११ लाख ४० हजार, वर रोड टॅक्स वेगळा, तो एकरकमी भरताना पोटात गोळाच आला. आता मेव्हणा म्हणतो सरकारलाच भरलाय तर रिटर्नमध्ये वजा होणारच, नाहीतर बायकोच्या पगारातून दाखव, ती शिक्षिका आहे. मला ते पटत नाही. मी दरवर्षी इन्कम टॅक्सच्या ४४एडीए कलमाखाली भरतो, म्हणजे आलेल्या पैशातलं निम्मं उत्पन्न दाखवायचं. आणि बिलात खाली बारीक अक्षरात टीसीएस ११,४०० लिहिलंय ते काय? डोक्यावर हप्ते आहेत, हक्काचा पैसा सोडायचा नाही, पण खोटं दाखवून नोटीसही नको. जाणकारांनी सांगा प्लीज.

उत्तर:
भाऊ, पगारदाराला रोड टॅक्सची वजावट नाहीच, त्यामुळे वहिनींचा विषय संपला. ४४एडीए मध्ये जे निम्मं सोडलंय त्यातच पेट्रोल, इन्शुरन्स, घसारा सगळं आलं असं धरतात, वेगळं काही मिळत नाही. हिशोबाच्या वह्या ठेवणाऱ्यालाही रोड टॅक्स एकदम खर्चात टाकता येत नाही, तो गाडीच्या किमतीत मिळवून वर्षाला १५ टक्के घसारा (गाडी जुनी होते म्हणून मिळणारी वजावट), तुमची गाडी डिसेंबरातली म्हणजे मार्चपर्यंत १८० दिवस भरत नाहीत, पहिल्या वर्षी साडेसातच, त्यातूनही घरच्या वापराचा भाग वगळायचा. (३० टक्के मिळतो तो टॅक्सी, रेंट-अ-कॅबवाल्यांना.) निम्म्याहून कमी नफा दाखवलात आणि उत्पन्न करपात्र असलं तर ऑडिट आलं, एका गाडीसाठी तो व्याप कशाला.

पण टीसीएस म्हणजे शोरूमने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स, ते तुमचेच पैसे आहेत हो! १० लाखांवरच्या गाडीला शोरूम १ टक्का जास्त घेऊन तुमच्या पॅनवर भरतं. इन्कम टॅक्सच्या साइटवरून २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) काढा, तिथे दिसलं की रिटर्नमध्ये क्रेडिट घ्या, कर तेवढा निघत नसेल तर रिफंड येतो.

मूळ प्रश्नकर्ता:
ताई, आत्ताच बघितलं, ११,४०० माझ्या पॅनवर दिसतायत! रिटर्न अजून भरलं नव्हतं ते बरं झालं. मेव्हण्याने यंदाच १२ लाखांची घेतलीय, त्यालाही लगेच फोन करतो.