स्टॅक्ड पिकअप घरी गुंडाळलाय, हम घालवला की आवाजही जातो, जोडणी नेमकी कशी करायची?

भुसावळ_सिंगलकॉइल

राम राम मंडळी. माझ्याकडे स्ट्रॅट टाइप इलेक्ट्रिक गिटार आहे, तीन पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांखालचे चुंबक आणि त्यांच्याभोवतीची वायरची कॉइल, तारेचा आवाज तिच्यातूनच अॅम्पला जातो), ऑर्केस्ट्रात आणि लग्नाच्या कार्यक्रमात वाजवतो. घर रेल्वे लाइनीला लागून आणि कोपऱ्यावरच डीपी, त्यामुळे सिंगल कॉइलवर (एकाच कॉइलच्या पिकअपवर) घूंऽऽ असा हम चोवीस तास येऊन राहिला, गेन वाढवला की गिटारपेक्षा तोच जास्त ऐकू येतो. तयार नॉइजलेस सेटची किंमत बघितली, ते काही जमणारं नाही, म्हणून ब्रिजसाठी (पुलाजवळचा पिकअप तो ब्रिज, मधला तो मिडल, मानेकडचा तो नेक) स्टॅक्ड पिकअप स्वतःच वाइंड करायला घेतला.

एकावर एक दोन कॉइल, दोन्हीतून तेच अल्निको ५ (चुंबकाचा मिश्रधातू) चे सहा रॉड आरपार, ४४ एडब्ल्यूजी (अमेरिकन गेज) वायर, प्रत्येकी पाच हजारच्या आसपास वेढे, दोन्ही एकाच दिशेने गुंडाळल्यात. मीटरवर दोन्ही साडेपाच किलोओहमच्या जवळपास. आता गोची अशी की तारा एका पद्धतीने जोडल्या तर आवाज दणदणीत पण हम पहिल्यापेक्षाही जास्त, आणि उलट जोडल्या तर हम जवळजवळ बंद पण गिटार एकदम मिळमिळीत, बेस तर राहतच नाही. काट्याच्या मीटरवर स्क्रूड्रायव्हर लावून-ओढून टेस्ट केली तर हम बंद होतो त्या जोडणीत दोन कॉइलचे काटे विरुद्ध बाजूला जातात. हंबकरमध्ये (हम कापणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपमध्ये) तर दोन्ही एकाच बाजूला जायला पाहिजेत ना? मग बरोबर जोडणी कोणती धरू?

यावल_टेली

ज्या जोडणीत हम बंद होतो तीच बरोबर भाऊ. दुसरी म्हणजे फक्त मोठी सिंगल कॉइल झाली, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला.

धुळे_वाइंडिंग

यावलवाले भाऊ बरोबर बोलले पण आवाज का जातो ते समजल्याशिवाय पुढचा पिकअपही असाच होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेथ लव्हरने १९५५ मध्ये गिब्सनसाठी ज्या हंबकरच्या पेटंटचा अर्ज केला (मिळालं १९५९ मध्ये) त्यात दोन कॉइल शेजारी-शेजारी आहेत, आणि एका कॉइलचा लोहचुंबकी ध्रुव वर उत्तर तर दुसरीचा दक्षिण. बाहेरून येणाऱ्या ५० हर्ट्झच्या हमला चुंबकाशी काही देणंघेणं नाही, तो फक्त वेढ्यांची दिशा बघतो. तारेचा सिग्नल मात्र वेढ्यांची दिशा आणि ध्रुव दोन्हीवर ठरतो. दोन्ही गोष्टी उलट्या केल्या की सिग्नल परत सुलटा होतो आणि हम उलटाच राहतो. म्हणून हंबकरमध्ये काटे एका बाजूला जातात.

तुमच्या स्टॅकमध्ये रॉड एकच आहेत, वरच्या कॉइललाही तोच ध्रुव आणि खालच्यालाही तोच. मग हम कापायला जोडणी उलटी केली की सिग्नलही उलटा होणारच, दुसरा मार्गच नाही त्याला. वाचतो तो फक्त फरक, कारण खालची कॉइल तारांपासून लांब असते आणि तिला सिग्नल कमी मिळतो. पण तुमचे रॉड आरपार असल्यामुळे तारेच्या हालचालीने होणारा बदल रॉडमधून सरळ खालच्या कॉइलपर्यंत जातो, आणि खासकरून खालचे सूर चांगलेच कापले जातात. काटे विरुद्ध जाताहेत ते बरोबरच आहे, फक्त खालच्या कॉइलचा काटा जेवढा कमी हलेल तेवढा पिकअप चांगला. हीच टेस्ट पुढे तुम्हाला वारंवार उपयोगी पडणार आहे.

म्हणजे काम एकच, खालच्या कॉइलला हम पूर्ण ऐकू यायला पाहिजे आणि तार अजिबात ऐकू यायला नको. मी करतो ते असं. वरच्या कॉइलमध्ये आखूड रॉड, तिच्या तळाशीच संपणारे. (लांब रॉड कापायला जाऊ नका, अल्निको ठिसूळ असतो, कपचे उडतात. आखूडच मागवा. त्यांची ताकद थोडी कमी पडते, पण तारांवरची ओढही कमी होते, ते चांगलंच.) त्याखाली लोखंडाची पातळ प्लेट, दोन्ही बाजूंनी खाली वाकवलेली, उलट्या पन्हाळीसारखी, म्हणजे खालची कॉइल तिच्या पोटात बसते. जाड पत्रा घेऊ नका, त्यात एडी करंट (पत्र्यातल्या पत्र्यात गोल फिरणारे प्रवाह) फिरतात आणि ट्रेबल खातात. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचं स्टॅम्पिंग असतं ना, सिलिकॉन स्टीलच्या पट्ट्या, त्या वापरा. आणि खालच्या कॉइलच्या पोटातही त्याच पट्ट्यांचा गाभा भरा, चुंबक नाही. लोखंडी गाभ्यामुळे त्या कॉइलला प्रत्येक वेढ्यामागे हम जास्त मिळतो, म्हणून वेढे कमी लागतात, आणि वेढे कमी म्हणजे ओहम कमी, इंडक्टन्स कमी, आवाज मोकळा.

आता महत्त्वाचं. दोन कॉइलचे ओहम सारखे करत बसू नका. सारखा पाहिजे तो हम. कॉइलपासून हातभर अंतरावर एखादा जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर चालू ठेवा, हलके एसएमपीएस चार्जर नाही, लोखंडी जड असतात ते. आधी वरच्या कॉइलचा हम रेकॉर्डिंग इंटरफेसवर किंवा एसी मिलिव्होल्टवर बघा, मग खालच्या कॉइलचा. खालची मुद्दाम थोडी जास्त गुंडाळून ठेवायची आणि सोडवत सोडवत दोन्ही सारखे करायचे. अडॅप्टर अगदी जवळ ठेवला तर वरच्या आणि खालच्या कॉइलला वेगवेगळी फील्ड मिळते आणि जुळवलेलं सगळं चुकतं, म्हणून अंतर सोडा.

जोडणी. दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळल्या असतील तर शेवट-शेवट जोडा. वरच्या कॉइलची सुरुवात ग्राउंडला, खालच्या कॉइलची सुरुवात हॉट (सिग्नलची तार). असं केलं की बोट लागतं त्या रॉडजवळचा थर ग्राउंडच्या बाजूचा राहतो, नाहीतर रॉडला बोट लागलं की चर्र आवाज येतो. प्लेटलाही ग्राउंड करा पण तिची तार वेगळी काढा, पिकअपच्या ग्राउंडला आतच जोडू नका. खालच्या गाभ्यावर टेपचा एक थर द्या मग वाइंड करा.

पॅरललमध्ये जोडूनही हम कापता येतो पण सिग्नल अजून खाली जातो, त्या वाटेला जाऊ नका.

रावेर_मोटार_रिवाइंडिंग

आमचं काम केळीच्या बागांच्या पंपाच्या मोटारी भरायचं, गिटारमधलं मला कळत नाही पण वायरीचं सांगतो कारण इथे बरेच जण फसतात. आपल्याकडे दुकानात इनॅमल वायर एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) नंबरवर मिळते आणि तुमचे पिकअपवाले बोलतात एडब्ल्यूजी. ४२ एसडब्ल्यूजी म्हणजे ०.१ मिलिमीटर तांबं, आणि तुमचं ४२ एडब्ल्यूजी म्हणजे ०.०६३. ४२ नंबर द्या म्हटलं की दुकानदार त्याच्या हिशेबाने बरोबरच देतो, पण त्या बॉबिनवर निम्मेही वेढे बसत नाहीत. ४२ एडब्ल्यूजीच्या जवळचं ४६ एसडब्ल्यूजी, आणि ४४ एडब्ल्यूजीच्या जवळचं ४७. नंबरापेक्षा मिलिमीटरमध्ये मागा म्हणजे घोळ होत नाही. आणि एवढी बारीक वायर मोटारवाल्याकडे नसते, रिले किंवा छोट्या कॉइल भरणाऱ्यांकडे विचारा.

जुनं स्टॅम्पिंग पाहिजे तर कोणत्याही रिवाइंडिंगवाल्याकडे भंगारात पडलेलं असतं, मागितलं तर असंच देतील.

भुसावळ_सिंगलकॉइल

दादा हे एसडब्ल्यूजीचं फार कामाचं सांगितलं, माझी वायर मुंबईहून एडब्ल्यूजी म्हणूनच आली होती म्हणून वाचलो. स्टॅम्पिंग मिळवतो आणि खालची कॉइल नव्याने करतो.

बॅन्जो_पार्टी_चोपडा

काय भो, हे बॅन्जोला चालेल का? आमच्या बॅन्जोच्या पिकअपला वरातीत गाडीवरच्या जनरेटरचा आणि एलईडी लाइटांचा भयंकर आवाज येतो, लाइट बंद केले की एकदम शांत.

धुळे_वाइंडिंग

चोपडावाले भाऊ, तुमचा त्रास थोडा वेगळा आहे. घूं असा जाड, गोल आवाज म्हणजे चुंबकी हम, ट्रान्सफॉर्मर आणि लाइनींचा, तो स्टॅकने जातो. लाइट लावल्यावर येणारा आवाज झर्रर्र असा बारीक, खरखरीत असतो, तो बहुतेक इलेक्ट्रोस्टॅटिक, आणि त्याला उपाय शिल्डिंग. पिकअपच्या खाचेत तांब्याची पट्टी सगळीकडून लावून ग्राउंडला जोडा, आतली वायर शिल्डेड घ्या, तारा ज्या पुलावर टेकतात तो ग्राउंडला आहे का बघा. आधी एवढं करा, त्यानंतरही जाड हम राहिला तर स्टॅकचा विचार करू. आणि एक कळकळीने सांगतो, जनरेटरवर अॅम्प चालवताना अर्थिंग नीट करून घ्या, आवाजासाठी नाही, जिवासाठी. ओल्या रस्त्यावर अनवाणी उभं राहून धातूचं वाद्य हातात असतं तुमच्या.

यावल_टेली

यात अजून एक पर्याय आहे, ज्यांना पिकअप बदलायचेच नाहीत त्यांच्यासाठी. मागच्या प्लेटच्या आत मोठ्या घेराची डमी कॉइल, म्हणजे चुंबक नसलेली, फक्त हम पकडून तो कापणारी. हम वेढे गुणिले क्षेत्रफळावर ठरतो, घेर मोठा असल्यामुळे तिथे काहीशे वेढ्यांत काम होतं आणि ओहमही फार वाढत नाहीत. पिकअपचा टोन जवळपास तसाच राहतो. पण तिघांना मिळून एक डमी कॉइल जोडायची म्हणजे स्विचचं वायरिंग किचकट होतं.

भुसावळ_सिंगलकॉइल

मंडळी, झालं काम! स्टॅम्पिंगच्या पट्ट्यांची प्लेट आणि गाभा करून खालची कॉइल नव्याने भरली, धुळेवाल्या भाऊंनी सांगितलं तसं अडॅप्टर ठेवून वेढे सोडवत गेलो, आणि एका ठिकाणी हम इतका खाली आला की अॅम्प चालू आहे का ते बघावं लागलं. आता काट्याच्या टेस्टमध्ये वरची कॉइल झटका देते आणि खालची जेमतेम हलते. बेस परत आला, तारा मोकळ्या वाटतात, सिंगल कॉइलपेक्षा आवाज थोडा कमी आहे पण तेवढं अॅम्पवर भरून निघतं. लाइनीवरून मालगाडी जाताना मुद्दाम वाजवून बघितलं, खूप बरं वाटलं.

दोन गोष्टी राहिल्या. ट्रेबल किंचित दबलेला वाटतो, पॉट (व्हॉल्यूम-टोनचे नॉब) २५० के म्हणजे किलोओहमचे आहेत. आणि ब्रिज-मिडल एकत्र लावलं की हम परत येतो, असं का?

धुळे_वाइंडिंग

अभिनंदन भाऊ, मनापासून! खालची जेमतेम हलते म्हणजे प्लेटने काम केलं.

ट्रेबलसाठी व्हॉल्यूम पॉट ५०० के लावून बघा, स्टॅकला बऱ्याचदा तो जास्त जुळतो. बाकीच्या दोन सिंगल कॉइलला मग थोडा तिखटपणा येईल, तो टोन पॉटने आवरा.

ब्रिज-मिडलचं असं की आधी तुमचा मिडल पिकअप उलट वाइंडिंगचा आणि उलट ध्रुवाचा असणार, म्हणून दोन सिंगल कॉइल मिळून आपोआप हंबकर होत होते. आता ब्रिजमध्ये स्वतःचा हमच उरला नाही, मग मिडलचा हम कापायला कोणी नाही. पॅरलल असल्यामुळे तो एकट्या मिडलपेक्षा कमी येईल, पण येणार. पूर्ण शांतता पाहिजे तर मिडल आणि नेकलाही स्टॅकच करावे लागतील, आणि तेव्हा मिडल उलटा करायची गरज नाही, तिघांचा ध्रुव आणि दिशा सारखीच ठेवा.

वेढे जागेवर घट्ट बसावेत म्हणून पिकअप शेवटी मेणात बुडवतात, त्याआधी एक तपासा. ब्रिज-मिडल एकत्र लावल्यावर आवाज भरदार आहे की पातळ, नाकात बोलल्यासारखा? पातळ असेल तर फेज उलटी आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना कापताहेत, ब्रिजचे हॉट आणि ग्राउंड अदलाबदल करा. प्लेटची तार वेगळी काढायला सांगितली होती ती यासाठीच, ती ग्राउंडलाच राहते. मग पॅराफिन चार भाग आणि मधमाशीचं मेण एक भाग, ६०-६५ अंश, भांडं कायम गरम पाण्यात ठेवून, थेट गॅसवर कधीच नाही, बॉबिन प्लास्टिकचं आहे. बुडबुडे यायचे थांबले की काढा.