बागेचं आरक्षण: आधी डीपीचा (शहराच्या विकास आराखड्याचा) नकाशा बघा

काही जण म्हणतात, बागेसाठी जागा आरक्षित आहेच, नगरपरिषदेकडे पैसा आला की बाग होईलच, तोवर थांबू. थांबण्यातच धोका आहे हो. डीपीत जागा बागेसाठी आरक्षित आहे म्हणजे ती नगरपरिषदेची झाली असं नसतं, एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे डीपी लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं, मग तिथे बिल्डिंग उभी राहिली तरी आपण काय करणार. म्हणून आधी नगररचना विभागात जाऊन डीपीचा नकाशा बघा, सर्व्हे नंबर लिहून घ्या, मालकाची नोटीस आलीय का ते विचारा, सांगत नसतील तर सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका.

आणि प्लॅनिंगचं म्हणाल तर कारंजं आणि सेल्फी पॉइंट नंतर बघू. आमच्याकडे बाग झाली, पण सगळीकडे पेव्हर ब्लॉक, झाड एक नाही, एप्रिलात दुपारी ओपन जिमच्या लोखंडी दांड्याला हात लावला की चटका बसतो, बायकांसाठी बाथरूम बांधलंय त्याला कायम कुलूप. बोअरचं पाणी, माळी आणि सावली या तीन गोष्टी एस्टिमेटमध्येच लिहून घ्या, देखभालीची तरतूद दरवर्षीच्या बजेटमध्ये मागा. फेब्रुवारीत बजेटची सभा असते, निवेदन त्याआधी नगरसेवकाच्या हातात पडलं पाहिजे.